मुंबई हायचं तेल: रॉयल्टी नक्की कुणाची, कशावर आणि महाराष्ट्राला का नाही?

सारंगा_उरण

मुंबई हायमधून २१ मे १९७६ पासून तेल निघतंय. क्रूड (कच्चं तेल) उरणला उतरतं, गॅस उरणला आणि हजिऱ्याला. टाक्या, पाइपलाइन, भडकलेली फ्लेअर (नको असलेला गॅस जाळण्याची ज्योत), सगळं रायगडच्या डोळ्यांसमोर. रॉयल्टी, म्हणजे खनिज काढल्याबद्दल मालकाला द्यायचा मोबदला, मात्र महाराष्ट्राला शून्य. अंकलेश्वर-मेहसाण्याची गुजरातला मिळते, नाहरकटियाची आसामला, बाडमेरची राजस्थानला.

माझं मत असं की ज्या किनाऱ्यावर माल उतरतो त्या राज्याला काहीतरी वाटा हवा. पण चर्चेत दर वेळी 'दिल्लीने लुटलं' यापुढे गाडी जात नाही. म्हणून दोन साधे प्रश्न. एक, कायद्यात नक्की काय लिहिलंय? दोन, रॉयल्टी किती टक्के आणि कशाच्या टक्के? माहीतगारांनी आकड्यांसकट लिहावं.

बोंबील_फ्राय

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तेलातच तळलेत.

दर्यावर्दी

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, समुद्र राज्याचा. त्यापुढचा केंद्राचा. मुंबई हाय किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे. विषय संपला.

कलम२९७

दर्यावर्दी, हा गैरसमज फार पसरलेला आहे. १२ मैलांच्या आतली *मासेमारी* राज्याच्या सूचीत आहे. समुद्रतळाखालचं खनिज नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार प्रादेशिक समुद्र, कॉन्टिनेंटल शेल्फ (किनाऱ्यापासून पुढे पसरलेला समुद्रतळ) आणि अनन्य आर्थिक क्षेत्र या तिन्हींच्या तळाखालची खनिजं संघराज्याची. म्हणजे उद्या अलिबागच्या कुलाब्याच्या किल्ल्यापासून एक किलोमीटरवर तेल लागलं तरी ते केंद्राचंच.

जमिनीवर वेगळं. तिथे परवाना आणि लीज राज्य सरकार देतं, पण केंद्राची पूर्वमंजुरी लागते, आणि रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते. 'तेलक्षेत्रांचं नियमन व विकास' ही केंद्रीय सूचीतली ५३ वी नोंद असल्यामुळे दर मात्र केंद्रच ठरवतं. मूळ कायदा १९४८ चा, त्याचं कलम ६अ हे रॉयल्टीचं. त्यात कमाल मर्यादा आहे: विहिरीच्या तोंडाशी असलेल्या विक्री किमतीच्या २० टक्के. आणि एकदा दर वाढवला की तीन वर्षं पुन्हा वाढवता येत नाही.

शेंगदाणे

म्हणजे जमीन राज्याची, सही केंद्राची, तेल कंपनीचं आणि धूर आपला.

वेलहेड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण खरी मेख तिथेच आहे. लोक '१० टक्के की २० टक्के' यावर भांडतात. भांडायला हवं ते 'कशाच्या' यावर.

सध्या एकाच वेळी चार राजवटी चालू आहेत आणि प्रत्येकीचा दर वेगळा:

जुने नॉमिनेशनचे ब्लॉक, म्हणजे सरकारी कंपन्यांना थेट दिलेले. मुंबई हाय यातच. क्रूडवर जमिनीवर २०, समुद्रात १०.

नेल्पच्या (नव्या तेलशोध परवाना धोरणाच्या) आधीचे खासगी भागीदारीचे करार. यात करारागणिक फरक, सरसकट काही सांगता येत नाही.

नेल्प, १९९९ पासून. जमिनीवर १२.५, उथळ समुद्रात १०, आणि ४०० मीटरपेक्षा खोल पाण्यात व्यापारी उत्पादन सुरू झाल्यापासून पहिली सात वर्षं ५, नंतर १०.

हेल्प (त्यानंतरचं परवाना धोरण), २०१६ पासून. जमिनीवर १२.५ च, उथळ समुद्रात ७.५, खोल पाण्यात सात वर्षं माफ आणि मग ५, दीड हजार मीटरच्या पुढे सात वर्षं माफ आणि मग २.

गॅसवर नॉमिनेशन आणि नेल्पमध्ये साधारण १० टक्के (खोल पाण्याची सवलत तिथेही लागू).

आता 'कशाच्या'. ही टक्केवारी विक्री किमतीवर नसते, वेलहेड किमतीवर असते. वेलहेड किंमत म्हणजे विक्री किंमत वजा विहिरीनंतरचा खर्च: तेल-पाणी-गॅस वेगळं करणं, तापवणं, साठवणं, पाइपलाइनने किनाऱ्यापर्यंत आणणं. नॉमिनेशनमध्ये त्यावर आणखी एक खुबी आहे. उरलेली रक्कम 'रॉयल्टी धरून' आहे असं मानतात.

हिशेब मांडतो, भाव समजायला सोपा घेतलाय. क्रूड पिंपाला ७० डॉलर. विहिरीनंतरचा खर्च ४ डॉलर. उरले ६६. समुद्रात १० टक्के म्हणजे ६.६० असं वाटेल, पण नाही. ६६ मध्ये रॉयल्टी आधीच मिसळलेली धरायची, म्हणून ६६ गुणिले १० भागिले ११०, म्हणजे ६ डॉलर. प्रत्यक्ष दर पडतो ९.०९ टक्के. जमिनीवर तेच गणित: ६६ गुणिले २० भागिले १२०, म्हणजे ११ डॉलर. २० टक्के नव्हे, १६.६७.

हिशेबतपासनीस

वेलहेड यांच्या उदाहरणात एक ओळ वाढवा म्हणजे चित्र पूर्ण होईल. १९७४ च्या तेल उद्योग विकास कायद्याखालचा सेस (उपकर). नॉमिनेशनच्या आणि नेल्पपूर्व क्रूडवर लागतो, नेल्प-हेल्पवर नाही. २०१२ पासून टनाला ४५०० रुपये होता. भाव कोसळले तेव्हा हा ठोक आकडा कंपन्यांच्या गळ्याशी आला, म्हणून मार्च २०१६ पासून तो २० टक्के मूल्याधारित केला. ७० डॉलरवर साधारण १४ डॉलर.

आता तुलना करा. मुंबई हायच्या पिंपामागे रॉयल्टी ६, सेस १४. म्हणजे रॉयल्टीच्या दुपटीहून जास्त सेस, आणि तो कलम २७० मुळे राज्यांच्या वाटणीच्या बाहेर. रॉयल्टी हा करेतर महसूल, तोही वाटणीच्या बाहेर. राज्यांना ४१ टक्के मिळतात ते करांच्या निव्वळ उत्पन्नातले. तेव्हा सारंगा_उरण, तुमच्या 'शून्य'मध्ये मागच्या दाराने येणारा हिस्साही नाही. त्यातल्या त्यात कंपनीच्या नफ्यावरचा कॉर्पोरेट कर वाटणीत येतो, तेवढाच.

बोंबील_फ्राय

म्हणजे 'मुंबई' फक्त नावात. वडापाव सुद्धा जास्त देतो मुंबईला.

तळटीप

नावाचं सोडा, मुंबईला मिळायचं. माहुलच्या दोन रिफायनऱ्यांत जाणाऱ्या क्रूडवर महापालिका जकात घ्यायची आणि ती बरीच मोठी रक्कम होती. १ जुलै २०१७ ला जकात गेली. क्रूड, गॅस, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन ही पाच मंडळी जीएसटीच्या बाहेरच राहिली, त्यामुळे राज्याचा व्हॅट चालू आहे. पण तो विक्रीवरचा कर. खनिजाचा मोबदला नव्हे. दोन्ही एका पिशवीत घालू नका.

दर्यावर्दी

कलम२९७, चूक मान्य. पण मग अमेरिकेत कसं चालतं? तिथे राज्यांना समुद्रातलं मिळतं ना?

ह्यूस्टन_पुणे

मिळतं, दोन-तीन पद्धतींनी. किनाऱ्यापासून ३ सागरी मैल राज्याचे, टेक्सास आणि फ्लोरिडाच्या मेक्सिकोच्या आखाताकडच्या बाजूला ९. त्या पट्ट्यातली रॉयल्टी पूर्ण राज्याची. त्याला लागून पुढचे ३ मैल फेडरल, पण त्यातले २७ टक्के राज्याला, कारण तेलाचा साठा सीमारेषा पाहून थांबत नाही. आणि २००६ च्या कायद्याने आखाताच्या ठरावीक फेडरल क्षेत्रातल्या महसुलाचे ३७.५ टक्के टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा या चार राज्यांना आणि त्यांच्या किनारी भागांना. त्यावर वार्षिक कमाल मर्यादा आहे. हे पैसे किनाऱ्याची धूप, पाणथळ जागा, वादळापासून संरक्षण अशा कामांनाच वापरायचे.

लक्षात घ्या, यातलं ३७.५ टक्के हे मालकी म्हणून दिलेलं नाही. मालकी फेडरलच. 'पायाभूत सुविधांचा भार तुमच्या किनाऱ्यावर पडतो' या तत्त्वावर साध्या कायद्याने दिलेलं आहे. उरणची मागणी या वाटेने जाऊ शकते.

कॅल्गरीकर

आणखी जवळचं उदाहरण कॅनडाचं. न्यूफाउंडलंडच्या समुद्रात हायबर्निया सापडलं, वाद सुप्रीम कोर्टात गेला, १९८४ मध्ये राज्य हरलं. कॉन्टिनेंटल शेल्फ केंद्राचं. आणि पुढच्याच वर्षी, १९८५ च्या अटलांटिक अकॉर्डमध्ये केंद्राने राजकीय करार करून मान्य केलं की रॉयल्टी प्रांताने अशी घ्यावी की जणू तेल जमिनीवरचं आहे. कोर्टात हरलेला प्रांत टेबलावर जिंकला.

म्हणून 'कलम २९७ आहे, विषय संपला' हे मला पटत नाही. मालकी आणि महसूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कलम२९७

सहमत. २९७ मालकी सांगतं, वाटणीला आडवं येत नाही. पण आपल्याकडे त्यासाठी संसदेचा कायदा किंवा वित्त आयोगाची शिफारस लागेल. बाराव्या वित्त आयोगाने नेल्प क्षेत्रांतून केंद्राला मिळणाऱ्या प्रॉफिट पेट्रोलियमचा (खर्च वसूल झाल्यावर उरणाऱ्या तेल-गॅसचा) निम्मा वाटा उत्पादक राज्यांना द्यावा असं सुचवलंही होतं. पण 'उत्पादक राज्य' म्हटलं की महाराष्ट्र पुन्हा यादीबाहेर. समुद्र कुठल्याच राज्याच्या हद्दीत नाही.

चंद्रपुरी

एक शंका. कोळशाच्या रॉयल्टीवर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मिळतो. चंद्रपूर-यवतमाळला तो येतो. तेलाला का नाही?

कलम२९७

तो निधी १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यात २०१५ ला आलेल्या कलमातून येतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येतच 'खनिज तेल सोडून' असं लिहिलंय. त्यामुळे बाडमेर किंवा मेहसाण्यालाही तेलावर जिल्हा निधी नाही. रॉयल्टी जयपूर-गांधीनगरला जाते, तिथून विहिरीच्या गावापर्यंत किती पोहोचते ते त्या राज्याच्या मर्जीवर.

बाडमेरी_ऊन

बाडमेरचं नाव निघालंच आहे तर तिथला तिढा सांगायलाच हवा, कारण 'रॉयल्टी कोण भरतं' याचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मंगला साठा २००४ ला सापडला, उत्पादन ऑगस्ट २००९ पासून. करारात खासगी कंपनीचा वाटा ७० टक्के, ओएनजीसीचा ३०. पण लायसन्सधारक ओएनजीसी, म्हणून १०० टक्के क्रूडवरची रॉयल्टी तिनेच भरायची. जमिनीवरचा दर २०. म्हणजे उत्पन्न ३० पिंपांचं, रॉयल्टी १०० पिंपांवर. २०१० मध्ये खासगी कंपनी विकायला निघाली तेव्हा सरकारने २०११ मध्ये मंजुरी देताना अट घातली की रॉयल्टी ही 'वसूल करता येणारा खर्च' मानायची.

वरवर पाहता हा न्याय. पण परिणाम बघा. उत्पादन वाटणी करारात आधी खर्च वसूल होतो, उरलेलं प्रॉफिट पेट्रोलियम कंपन्या आणि केंद्र वाटून घेतात. रॉयल्टी खर्चात गेली की वाटायचा ढीग लहान होतो. म्हणजे राजस्थानला रॉयल्टी तितकीच, पण तिचा काही भार खासगी भागीदारावर आणि काही भार केंद्राच्या वाट्यावर सरकला. रॉयल्टी एकाच खिशातून जात नाही. एका टोकाला ओढली की दुसरीकडे कुणाची तरी चादर आखूड होते.

शेंगदाणे

बाडमेरच्या क्रूडमध्ये मेण असतं म्हणे? मेणबत्तीवर रॉयल्टी किती?

वेलहेड

गमतीत विचारलंत, पण संबंध आहे. ते क्रूड इतकं मेणचट की साध्या तापमानाला थिजतं. गुजरातपर्यंतची सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन सबंध तापवत ठेवावी लागते. तापवण्याचा खर्च विहिरीनंतरचा. तो वजा किती करू द्यायचा यावर वेलहेड किंमत ठरते. शिवाय मेणामुळे ब्रेंटपेक्षा (भावाचा जागतिक मापदंड मानलं जाणारं क्रूड) भाव कमी. एकाच टक्केवारीत दोन क्रूडची रॉयल्टी पिंपामागे वेगळी पडते ती अशी.

हिशेबतपासनीस

आता मोजमापाबद्दल, कारण वाद प्रत्यक्षात तिथे होतात.

विहिरीतून येतं ते तेल-पाणी-गॅसचं मिश्रण. मुंबई हायसारख्या वयस्कर क्षेत्रात पाण्याचं प्रमाण मोठं. रॉयल्टी पाण्यावर नसते, म्हणून नमुना घेऊन गाळ आणि पाण्याची टक्केवारी काढून वजा करतात. नमुना नळीच्या तळाशी घेतला तर पाणी जास्त दिसतं, वरून घेतला तर कमी. वाहत्या प्रवाहातून ठरावीक अंतराने आपोआप नमुना घेणारं यंत्र असेल तरच आकडा धरायचा. मग तापमानाची दुरुस्ती: गरम तेल फुगतं, म्हणून घनफळ १५ अंशांवर आणतात. मीटर पडताळणी वेळेवर नसेल तर अर्ध्या टक्क्याची चूक सहज, आणि वर्षभराच्या उत्पादनावर अर्धा टक्का म्हणजे किती ते तुम्हीच काढा.

कायद्यातच काही सूट आहे: अपरिहार्यपणे वाया गेलेलं, पुन्हा साठ्यात सोडलेलं, आणि उत्पादनाच्या कामातच वापरलेलं तेल वा गॅस रॉयल्टीमुक्त. प्लॅटफॉर्मवरच्या टर्बाइनला जाळलेला गॅस, विहिरीत ढकललेला गॅस, हे सगळं वजा. भांडण 'अपरिहार्य' या शब्दावर. काँप्रेसर बंद पडला म्हणून चार दिवस फ्लेअर केला. अपरिहार्य, की देखभालीत कसूर? म्हणून फ्लेअरची नोंद तासवार आणि कारणासह ठेवलेली असावी. महिन्याच्या शेवटी एकरकमी आकडा लिहिला की तपासणीत तो पहिला पकडला जातो.

सारंगा_उरण

म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला मी जी फ्लेअर म्हटलं तिच्यावर रॉयल्टी नसू शकते! हे नवीन. गुजरातच्या कोर्टकज्ज्याबद्दल कुणी लिहाल का?

तळटीप

थोडक्यात. एप्रिल २००८ पासून ओएनजीसी गुजरातला रॉयल्टी *सवलतीनंतरच्या* भावावर भरू लागली. तेव्हा डिझेल-गॅस सिलिंडर स्वस्त ठेवण्यासाठी सरकारी उत्पादक कंपन्या रिफायनऱ्यांना क्रूडमध्ये मोठी सूट देत. बाजारभाव शंभर डॉलरच्या वर आणि हातात पडायचे चाळीस-पंचेचाळीस. राज्याचं म्हणणं, सूट तुमचं धोरण, आमची रॉयल्टी का कापता? नोव्हेंबर २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, आणि फेब्रुवारी २०१४ पासून सवलतीपूर्वीच्या भावावर भरा असा सुप्रीम कोर्टाचा अंतरिम आदेश आला.

कंपनीची बाजूही बघा: २० टक्के ११० वर म्हणजे २२ डॉलर, आणि हातात आलेले ४५. प्रत्यक्ष दर ४९ टक्के.

वेलहेड

'रॉयल्टी धरून' काढली तर २२ नव्हे, १८.३३. पण मुद्दा बरोबर.

तळटीप

हो, मान्य. घाईत सरळ गुणाकार केला. विहिरीनंतरचा खर्चही वजा करायचा राहिला.

कॅल्गरीकर

याच कारणाने अनेक देशांनी रॉयल्टीच सोडली. ती एकूण उत्पन्नावर बसते, नफ्यावर नाही. पिंपाचा खर्च ५५, भाव ६०, रॉयल्टी ६. विहीर एक डॉलर तोट्यात. खरं तर ५ डॉलरचा फायदा होता, पण कंपनी ती बंद करणार आणि उरलेलं तेल जमिनीत राहणार. ब्रिटनने २००३ पासून रॉयल्टी रद्द केली. नॉर्वेने १९८६ नंतर मंजूर झालेल्या क्षेत्रांवर ती लावलीच नाही आणि नफ्यावर एकूण ७८ टक्के कर ठेवला. अल्बर्टामध्ये ऑइल सँड्सला मधला मार्ग आहे: भांडवल वसूल होईपर्यंत एकूण उत्पन्नाच्या १ ते ९ टक्के, नंतर निव्वळ उत्पन्नाच्या २५ ते ४० टक्के, भावानुसार.

हिशेबतपासनीस

नॉर्वेचं मॉडेल सगळ्यांना आवडतं, पण नफा मोजायला खर्च तपासणारी यंत्रणा लागते. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या डी-६ ब्लॉकवर कॅगने खर्च फुगवण्याच्या प्रोत्साहनाबद्दल काय लिहिलं ते आठवा. करारात जितका भांडवली खर्च जास्त, तितका सरकारचा वाटा उशिरा वाढायचा. म्हणून २०१६ ला नफ्यावरून पुन्हा महसुलावर आलो. हेल्पमध्ये आधी रॉयल्टी, उरलेल्या महसुलात सरकारचा बोलीनुसार वाटा, खर्च कंपनीचा कंपनीने बघावा. २०१९ मध्ये आणखी पुढे गेले: कमी शोध झालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या खोऱ्यांत महसूल वाटाही नाही, फार मोठी कमाई झाली नाही तर नुसती रॉयल्टी. लवकर उत्पादन केलं तर तीही कमी. महाराष्ट्राचं दख्खनचं पठार तिसऱ्या वर्गात. बेसाल्टच्या जाड थराखाली काही आहे का हे बघायला सिस्मिक लाटाच नीट उतरत नाहीत, त्यामुळे जमिनीवरची रॉयल्टी हे आपलं स्वप्नच समजा.

रॉयल्टी कच्ची पण चोरायला अवघड. नफ्यावरचा कर बारीक पण पळवाटांचा. पहिली कमी वाईट, असं माझं मत.

ह्यूस्टन_पुणे

'चोरायला अवघड' पण विसरायला सोपी! १९९५ च्या कायद्याने अमेरिकेने खोल पाण्यातल्या लीजना रॉयल्टी माफी दिली, भाव ठरावीक पातळीच्या वर गेला की माफी बंद अशी अट घालून. १९९८ आणि १९९९ च्या लीजमध्ये ती अटच लिहायची राहिली. पुढे भाव चढले तरी कंपन्यांना रॉयल्टी नाही. कोर्टातही काही हाती लागलं नाही. मसुदा वाचणारा जागा असावा.

बोंबील_फ्राय

आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा ठरावही तसाच आहे.

दर्यावर्दी

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या जुलै २०२४ च्या निकालाने काही फरक? रॉयल्टी हा कर नाही, राज्य खनिज हक्कांवर वेगळा कर लावू शकतं, असं आठ विरुद्ध एकने म्हटलंय.

कलम२९७

तो निकाल १९५७ च्या कायद्याखालच्या खनिजांबद्दल. तेलाला तसाच लागू होतो का यावर वकील भांडतील. २०२५ च्या दुरुस्तीने तेल कायद्यात 'मायनिंग लीज'च्या जागी 'पेट्रोलियम लीज' हा शब्द आला, त्यामागे हीच धास्ती होती असा काहींचा संशय आहे. सरकारचं म्हणणं, खाणकाम आणि पेट्रोलियम वेगळे आहेत, एवढंच. काहीही असलं तरी महाराष्ट्राला उपयोग नाही. राज्याचा कर राज्याच्या हद्दीत. प्लॅटफॉर्म हद्दीबाहेर.

सारंगा_उरण

बरंच शिकायला मिळालं. मग मागणी अशी मांडायची का: मालकी नको, दर बदल नको. उरणसारख्या ठिकाणी समुद्रातलं तेल-गॅस उतरतं, त्या तालुक्यांसाठी केंद्राच्या समुद्री रॉयल्टीतला ठरावीक टक्का, आखाती राज्यांसारखा, ठरावीक कामांसाठी बांधलेला?

कलम२९७

रॉयल्टीऐवजी सेसमधून मागा. ढीग मोठा आहे आणि तो तेल उद्योगाच्या विकासासाठीच गोळा होतो असं कायदाच सांगतो. मात्र त्या कायद्यातल्या विनियोगाच्या यादीत किनारी भागाचं काम बसवायला दुरुस्ती लागेल.

वेलहेड

आणि टक्का 'उतरलेल्या टनांवर' मागा, 'वेलहेड किमतीवर' नको. टन उरणच्या मीटरवर दिसतात. वेलहेड किंमत कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये असते.

चंद्रपुरी

गॅस हजिऱ्यालाही उतरतो. मग सुरतही रांगेत उभं राहणार.

सारंगा_उरण

राहू दे. दोन राज्यं मागतील तर फाईल हलेल तरी.